रिकाम्या खुर्चीसमोरचं वाचन

त्या दिवशी मी फक्त पुस्तक परत द्यायला गेले होते. साहेबांना जाऊन तीन आठवडे झाले होते, शेवटची साठ पानं वाचायची राहिली ती राहिलीच.

साहेब म्हणजे देशाचे सर्वेसर्वा. बावीस वर्षं त्यांचा शब्द हाच कायदा. शेवटी डोळे गेले, तेव्हा रोज दुपारी चार वाजता वाचून दाखवायला त्यांनी मला ठेवलं. सहा वर्षं वाचलं मी. मुलींच्या शाळा त्यांनीच काढलेल्या. त्यांतल्या पहिल्या तुकडीतली मी. आणि माझे बाबा छापखानेवाले. एक पानभर मजकूर छापला म्हणून त्यांना घरातून उचललं. कोठडीतच गेले ते. मी तेव्हा दहा वर्षांची. मला अक्षर यांनीच दिलं आणि बापही यांनीच नेला. लोक विचारतात, माणूस चांगला होता की वाईट? मी काय सांगू? विचार करकरून दमले बघ.

दारात त्यांची थोरली बहीण भेटली. सगळे त्यांना ताईसाहेब म्हणत. रात्ररात्र झोप नसल्यासारखे त्यांचे डोळे आत गेले होते.

"बरं झालं आलीस," त्या हळूच म्हणाल्या. "चार वाजले की घंटी वाजते गं... त्याच्या खोलीत. नोकरमाणसं पळाली. मी म्हातारी कुठं पळू? जरा वाच बाई त्याच्यासाठी. ऐकल्याशिवाय तो गप्प बसायचा नाही."

मला हसूच आलं. मेल्यावरही हुकूम करायची सवय सुटली नव्हती. पण नाही म्हणायचंही त्राण नव्हतं. ताईसाहेब बाहेर स्टुलावर बसल्या, मी आत गेले.

पडदे ओढलेले. डोळ्यांच्या मलमाचा तोच उग्र वास. खुर्ची रिकामी, तिच्या हातावर ती पितळी घंटी. एकदा वाजली की पुढे जायचं, दोनदा वाजली की तेच पुन्हा वाचायचं, असा आमचा नेम. मी पुस्तक उघडलं, एक पान वाचलं आणि थांबले.

टिंग.

घंटी जागची हलली नव्हती. तरी पान उलटलं, कारण सहा वर्षांची सवय. वाचता वाचता मनात आलं, आता हा माणूस मला काय करणार आहे? पिशवीच्या तळाशी बाबांचा तो छापील कागद होता. सहा वर्षं रोज या खोलीत घेऊन यायचे आणि तसाच परत न्यायचे. तो काढला. घड्यांवर अक्षरं पुसट झालेली, पण मला पाठच होता.

"माणूस भला आहे म्हणून सगळं त्याच्या हाती दिलं," मी वाचलं, "तर तो भला नसेल त्या दिवशी आपण कुणाकडे जायचं?"

मी थांबले. मग...

टिंग. टिंग.

पुन्हा वाचलं. पुन्हा दोनदा वाजली. किती वेळा वाचलं, मोजलं नाही. घसा बसला, पडद्यामागचा उजेड विझत आला. शेवटी खुर्चीकडून कोरड्या कागदासारखा आवाज आला.

"बरोबर... आहे."

"मग बाबांना सोडलं का नाहीत?"

मग अगदी शांतपणे, शिकवल्यासारखं...

"बरोबर होतं... म्हणूनच."

मी रडले नाही. ओरडलेही नाही. इतकी वर्षं ज्या उत्तरासाठी जीव टांगणीला लागला होता, ते एवढंच होतं. कागद घडी करून खुर्चीवर ठेवला, दार ढकललं आणि बाहेर आले.

ताईसाहेब भिंतीला टेकून उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक.

"तुझा आवाज तर आलाच नाही गं," त्या म्हणाल्या. "दोन पुरुष बोलत होते. एक आमचा भाऊ. दुसरा मधेच दाराशी आला आणि त्यानं आतून मला विचारलं, 'आमची पोरगी शाळेत जाते ना हो?' मी... हो म्हणाले. चुकलं का माझं?"

मी मागे वळून दाराकडे पाहिलं.

"'मग ठीक आहे, मी आत जातो,' म्हणाला. आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "त्या दाराला आतून कडी नाहीच गं."