तिसरा पेला

बर्गनला पाऊस पडत होता, म्हणजे सगळं नेहमीसारखंच होतं. बसथांब्याच्या छपराखाली सेमहार एकटीच, आणि तो उंच मुलगा बाहेर... भिजत.

"आत ये की. मी चावत नाही."

"नाही, म्हणजे... तुला अडचण नको."

सेमहारला हसू आलं. लहानपणी आईचं बोट धरून ती अस्माराहून इथे आली. तेव्हापासून ती बघत होती, ही नॉर्वेची माणसं दुसऱ्याला जागा राहावी म्हणून स्वतः भिजतात. तिला त्याचं कौतुकच वाटे.

त्याचं नाव सिंद्रे. हिवाळाभर त्या छपराखाली दोघांमधलं अंतर घटत गेलं, शेवटी एका मफलरमध्ये दोघं मावू लागली. मग आईने त्याला कॉफीला बोलावलं.

आईची कॉफी गावाकडची. बिया तव्यावर भाजायच्या, तो सुवास पाहुण्यापुढे फिरवायचा, मग मातीच्या सुरईतून इवल्या पेल्यांत ओतायची. एकदा नाही, तीनदा. सिंद्रेने पहिला पेला डोळे मिटून संपवला, "अशी कॉफी कधी प्यालो नव्हतो," म्हणाला आणि उठला. "तुमचा फार वेळ घेतला."

आईचा हात सुरईवरच राहिला.

"पोरगा गोड आहे," दार लागल्यावर ती म्हणाली. "पण त्याला आपल्यात बसायचं नाही."

"आई, त्यांच्यात लवकर उठणं म्हणजे मान देणं."

"तिसरा पेला आशीर्वादाचा. तो टाकून कुणी जातं का? पण तुला काय सांगू... तू तरी कधी बसलीस तिसऱ्यापर्यंत?"

खरंच होतं. कधी हँडबॉल, कधी अभ्यास. सेमहार पहिल्याच पेल्याला पळायची.

ती जिना उतरत धावली. सिंद्रे थांब्यावर होता. आज छपराखाली, शेजारी तिच्यापुरती जागा ठेवून.

"माझं काही चुकलं?"

"दोन पेले राहिले."

"मला वाटलं, त्या दमल्या असतील."

"तिसरा पेला घेतला की माणूस पाहुणा राहत नाही, सिंद्रे. विचार करून ये."

बस आली, दार उघडलं. त्याने ड्रायव्हरला हातानेच 'जा' म्हटलं.

"विचार पहिल्याच दिवशी झाला होता. अडचण कसली... तुझ्याजवळ उभं राहायचा धीर होत नव्हता."

वर आईने सुरई गरमच ठेवली होती. दुसरा पेला झाला. तिसरा तसा पाणचटच असतो. तोच दोघांनी सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

सिंद्रे सवयीने उठू लागला.

"बस," आई म्हणाली. मग जरा थांबून, "नाही, ऊठच. आता पाहुणा नाहीस ना? पेले विसळ."