मत देता येणार नाही

"तुम्ही झोपला होतात का?"

शाळेच्या कॉरिडॉरमध्ये बँडमधल्या मुलांच्या आयांनी कोलाचे, म्हणजे मुरंबा भरलेले गोड पाव, विकायला मांडले होते. त्या टेबलापाशी बँडशिक्षिका मार्टा कुबिचेकनं परीक्षकाला गाठलं. तिच्या हातात कॅसेट होती.

नेब्रास्कातल्या शालेय बँडस्पर्धांत मुलं वाजवत असतानाच परीक्षकानं टेपरेकॉर्डरमध्ये बोलत राहायचं असतं – क्लॅरिनेट बेसूर होतायत, ट्युबा मागे पडतोय – आणि ती टेप नंतर शिक्षकाला मिळते. मार्टाच्या टेपवर पहिली रचना, कवायतीच्या चालीचा मार्च, संपेपर्यंत एल्डन रीसचा आवाज होता. मग संथ रचना सुरू झाली, आणि परीक्षक गप्प. अगदी शेवटपर्यंत गप्प.

"झोपलो? छे." एल्डन विद्यापीठाच्या फुंकवाद्यवृंदाचा संचालक होता, पण या क्षणी नुसताच गोंधळलेला दिसत होता. "मी... विसरलो."

"काय विसरलात?"

"की बोलायचंय."

मार्टाला रागावूनच राहायचं होतं. पण त्याच्या टायवर जर्दाळूचा मुरंबा सांडला होता, आणि ते त्याच्या गावीही नव्हतं.

"मग मुलांना काय सांगू? साहेब विसरले?"

"सांगा, साहेब ऐकत होते."

शरद ऋतू लागला तसा एल्डन तिच्या गावी येऊ लागला. तिच्या बँडमधल्या फ्रेंच हॉर्न वाजवणाऱ्या मुलांना मदत हवी, असं कारण होतं. "मिस कुबिचेक, तुमचे साहेब आले," मुलं ओरडत. "आज परत हॉर्न बिघडले वाटतं!" शुक्रवारी बँड सामन्याला वाजवी, तेव्हा फुटबॉलच्या मैदानावर, गार पडलेल्या बाकांवर, दोघं एकाच थर्मासातली कॉफी पीत. मक्याच्या कापलेल्या शेतांवरून वारा येई, आणि मार्टाला वाटे – हा कप जरा उशिरा संपावा.

"तू विद्यापीठात वृंद चालवायला हवास," एकदा तो म्हणाला.

"बायकांना कोण देतं वृंद?"

"शिकून ये. मग बघू, कोण नाही म्हणतं."

हे तिचंच स्वप्न होतं, कुणालाही न सांगितलेलं. एल्डनकडे वृंदसंचालन शिकायला वर्षाला एकच जण घेत. तिनं अर्ज केला. त्याच्याजवळ राहता येईल, हेही मनात होतं... ते तिनं अर्जात लिहिलं नाही, इतकंच.

फेब्रुवारीत चाचणी झाली. समोर विद्यापीठाचा वृंद, मागे तीन प्राध्यापकांची समिती, त्यात एल्डन. मार्टानं हात उचलला. सनईसारख्या ओबोचा स्वर हलकेच वर आला, मग त्याखाली हॉर्न... तिचे खांदे सैल झाले. आणि मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दार उघडलं, मिटलं. तिनं रचना पुरी केली, मागे वळली. एल्डनची खुर्ची रिकामी होती.

तो तिला बाहेर, गाड्यांपाशी सापडला. काचेवरचं बर्फ खरवडत होता.

"इतकी वाईट होते मी?"

"काच साफ करतोय."

"काच कधीच साफ झालीय, एल्डन."

त्याचा हात थांबला. "तू हात उचललास, आणि मला ओबो ऐकूच आला नाही. परीक्षक म्हणून बसलो होतो मी! म्हणून बाकीच्या दोघांसाठी चिठ्ठी ठेवली, की मला हिच्याबद्दल मत देता येणार नाही."

"का, ते लिहिलंस?"

"लिहिलं."

"काय?"

"जे तुला सांगायचं धैर्य होत नव्हतं... तेच."

बर्फ भुरभुरत होतं. क्षणभर मार्टाला चाचणीचाच विसर पडला. मग आठवलं.

"मला घेतील?"

"घेतील. निघताना बाकीच्या दोघांच्या माना डोलताना पाहिल्या मी. मला विचारू नकोस."

ती हसली. तो हसला नाही.

"इथे आलीस, तर मी तुझा शिक्षक," तो म्हणाला. "फक्त शिक्षक. तेवढंच असायला हवं. चालवून घेईन मी. पण स्वप्न तुझं आहे, मार्टा. माझ्यासाठी ते सोडू नकोस."

खरंच, मार्टाला शिकायचं तर होतंच. त्यावर तडजोड नव्हती. पण तिला चुका दाखवणारा माणूस हवा होता, आणि हा तर ओबोसुद्धा ऐकत नव्हता.

"मिशिगनच्या विद्यापीठातही अर्ज केलाय मी," ती म्हणाली. "त्यांचं घेतल्याचं पत्र आलंय. तिथले म्हातारे सर रडवतात म्हणे."

"रडवतात. मलाही रडवलंय त्यांनी."

"मग मला तेच हवेत."

"मिशिगन लांब आहे, मार्टा."

"आहे. पण तिथे मी तुझी विद्यार्थिनी नसेन."

एवढा मोठा संचालक, पण हे कळायला त्याला वेळ लागला. मार्टा वाट बघत राहिली. हळूहळू त्याचा चेहरा बदलला, कानांपर्यंत लाल झाला. तो काही बोलणार, तोच तिनं त्याच्या गारठलेल्या बोटांत आपली बोटं गुंतवली.

"गाडी सुरू कर आता," ती म्हणाली. "नाहीतर गोठून मरू दोघंही."