कर्नल दाकूपच्या काळात

गव्हर्नर हाउसच्या वरच्या मजल्यावर, जेवणघराकडे जाणाऱ्या बोळात, राज्याच्या आजवरच्या सगळ्या गव्हर्नरांच्या तसबिरी ओळीनं लावलेल्या होत्या. आधी खाकी गणवेश, मग एक पायघोळ झगा, मग पुन्हा खाकीच खाकी, आणि शेवटी सगळे झगे. फौजेनं सत्ता कधी घेतली आणि कधी सोडली, ते नुसत्या कपड्यांवरून कळे. ओळीच्या टोकाला ओसाझुवाची स्वतःची तसबीर नुकतीच लागली होती. चौकटीच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता.

शपथविधीनंतरच्या आठवड्यात तो आणि त्याची बायको इव्हिए नाश्त्याला निघाले होते. बाहेर हरमॅटनचा, वाळवंटाकडून येणारा कोरडा वारा सुटला होता आणि खिडक्या बंद असूनही तसबिरींच्या काचांवर धुळीचा हात फिरला होता. इव्हिए एका खाकीवाल्यापुढे थांबली.

"हा कोण रे? हसतोय बघ. बाकीचे सगळे कसे फोटोग्राफरवर खटला भरल्यासारखे बसलेत."

"दाकूप," ओसाझुवा म्हणाला. "कर्नल दाकूप. पठाराकडचा होता. वर्षभरसुद्धा टिकला नाही. गाडी उलटली त्याची."

"अरेरे! किती तरुण." तिनं अंगावरच्या वस्त्राच्या टोकानं काच पुसली.

एवढंच झालं. पण ते पुसणं ओसाझुवाला खुपलं. दोन निवडणुका हरून तो तिसऱ्या खेपेला निवडून आला होता. अश्रुधूर खाल्ला होता, दारोदार हिंडून घसा बसवला होता. आणि हा माणूस? एका सकाळी रेडिओवर कुणीतरी त्याचं नाव वाचलं आणि हा गव्हर्नर झाला. तरी गावोगावच्या सभांमध्ये म्हातारी माणसं एकच पालुपद लावत: कर्नल दाकूपच्या काळात नळाला पाणी होतं. कर्नल दाकूपच्या काळात मास्तर शाळेत यायचे. ओसाझुवा मूळचा इंजिनिअर. वर्षभरात एका राज्याला पाणी पाजता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण मेलेल्या माणसाशी वाद कोण घालणार?

त्यानं पहिली पाणीयोजना उत्तरेकडच्या कोरड्या टापूत पुरी केली. उद्घाटनाला ढोल वाजले, मुख्य नळ त्यानं स्वतःच्या हातानं उघडला. एक म्हातारी नाचत पुढे आली, ओंजळभर पाणी प्यायली आणि तिनं त्याच्या हातावर कपाळ टेकवलं.

"देव कर्नलचं भलं करो!"

लोक हसले. ओसाझुवाही हसला. "आजी, कर्नल जाऊन किती वर्षं झाली! नळ मी आणलाय."

"तू उघडलास," म्हातारी समजुतीच्या सुरात म्हणाली. "आणला त्यानं. नळासाठी खंदक खणत होते तेव्हा रोज यायचा. इथंच उभा राहायचा, त्या आंब्याखाली. तू नव्हतास तेव्हा."

खंदक खणायचं काम याच वर्षी झालं होतं.

परतताना गाडीत माहितीखात्याचा मंत्री उवाइफो होता. त्याला प्रत्येक गोष्टीत गंमत दिसे. "ओगा साहेब, मनाला लावून घेऊ नका. मेलेला माणूस बरा. कमिशन मागत नाही."

"रेडिओवर कुणाचं नाव येणार आहे?"

"तुमचंच! दुसऱ्या कुणाचं येणार?"

संध्याकाळच्या बातम्यांत निवेदिका म्हणाली की कर्नल दाकूप यांच्या प्रयत्नांतून साकारलेल्या योजनेचं आज उद्घाटन झालं. ओसाझुवानं उवाइफोला फोन करून झापझाप झापलं. सकाळी उवाइफो ध्वनिफीत घेऊन आला आणि दोघांनी ती पुन्हापुन्हा ऐकली. तीत ओसाझुवाचंच नाव होतं, स्वच्छ, न अडखळता घेतलेलं.

"थकलात तुम्ही," उवाइफो म्हणाला. पहिल्यांदाच तो हसला नाही.

त्याच दिवशी ओसाझुवानं दाकूपची तसबीर उतरवायला लावली. शहरातल्या मोठ्या चौकाला कर्नलचं नाव होतं, तेही बदललं. इव्हिएला ते आवडलं नाही.

"मेलेल्याचा एवढा मत्सर? लोक काय म्हणतील?"

"तुला फार पुळका आलाय त्याचा."

"पुळका नाही, ओसा. तुझी काळजी वाटते. त्याला राहू दे तिथं. भिंत काय तुझ्या एकट्याची आहे?"

त्यानं ऐकलं नाही. आणि मजा अशी की काही आठवड्यांतच इव्हिएचा राग निवळला. ती गुणगुणू लागली. लग्नातले पोवळ्याचे मणी पेटीतून निघून तिच्या गळ्यात आले. एका दुपारी तो बैठक अर्धवट सोडून लवकर घरी आला, तर मागच्या व्हरांड्यातून तिचं हसू ऐकू येत होतं. तसं हसू त्यानं लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर ऐकलं नव्हतं.

तो व्हरांड्यात गेला. ती एकटीच होती. टेबलावर लाल अंबाडीच्या सरबताचे दोन पेले, दोन्ही अर्धे.

"कोण आलं होतं?"

"कोण म्हणजे?" ती अजून हसत होती. "विसरलास का काही आत? आत्ताच तर उठून गेलास."

"मी आत्ता येतोय, इव्हिए. सचिवालयातून."

"थट्टा पुरे." तिनं त्याचा हात धरला, आणि मग सोडला. हसू हळूहळू मावळलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, ओळखीचं काहीतरी शोधावं तशी. "मघाशी किती छान बोलत होतास. माझी सगळी हकीगत ऐकून घेतलीस. मला वाटलं, चला, आला माझा माणूस परत."

ओसाझुवाच्या मनात भीतीच्या आधी दुसरंच काहीतरी उसळलं. ती कुणाशी तरी सुखानं बोलली होती आणि ते कुणीतरी म्हणजे तो स्वतः नव्हता. त्यानं समोरचा पेला उचलून बागेत भिरकावला.

कर्नलची गाडी जिथं उलटली होती तिथं, नदीकडच्या वळणावर, लोकांनी एक दगड उभा केला होता. जाणारे-येणारे ट्रकवाले तिथं हॉर्न वाजवत. ओसाझुवानं रस्ता रुंद करायचा हुकूम काढला आणि बुलडोझर लागला तेव्हा स्वतः जाऊन उभा राहिला. भर दुपार होती. दगड एका धक्क्यात आडवा झाला. त्याच्याखालची माती ओली निघाली, हरमॅटनमध्ये, चार महिने पावसाचा थेंब नसताना. बुलडोझरवाल्यानं इंजिन बंद केलं, उतरला, आणि ओसाझुवाच्या शेजारच्या रिकाम्या जागेला वाकून नमस्कार करून निघून गेला.

त्यानंतर गोष्टी भराभर घडल्या.

फाटकावरचा शिपाई त्याला सलाम करायचा विसरू लागला. विचारलं तर गोंधळून म्हणायचा, "साहेब तर मघाशीच आत गेले."

बैठकीत त्यानं मांडलेला मुद्दा कुणाच्या कानावर जात नसे. जरा वेळानं तोच मुद्दा उवाइफो सांगे, "साहेब सकाळीच म्हणाले होते," आणि सगळे माना डोलावत.

बोळातून जाताना त्यानं एकदा भिंतीवर टोकाची आपली तसबीर बघितली. तसबीर त्याचीच होती, नाकडोळे, झगा, सगळं. तरी तिच्यासमोर फार वेळ उभं राहवेना, परक्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटे.

मग तो रविवार आला. उठला तेव्हा इव्हिएची बाजू रिकामी होती. खाली गाड्यांचा ताफाही नव्हता. स्वयंपाकघरातल्या बाईनं त्याच्याकडे न बघताच सांगितलं, "मॅडम साहेबांबरोबर गावाला गेल्या. सासूबाईंकडे. जेवायलाच बोलावलंय म्हणे."

"साहेबांबरोबर?"

"हो. तुमचं काम काय होतं?"

तो फाटकातून बाहेर पडला. कुणी अडवलं नाही. रस्त्यावर त्यानं टॅक्सीला हात केला. ड्रायव्हर गावापर्यंत अखंड बोलत होता: नवा गव्हर्नर कसा भला माणूस आहे, लोकांत मिसळतो, हसतो. ऐकताना ओसाझुवाला तोच जुना मत्सर डसत होता.

आईच्या घरासमोर ताफा उभा होता, गाड्या धुळीनं माखलेल्या. ओट्यावर आई ताडाची फळं निवडत बसली होती. त्याला बघून ती गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"या, साहेब. बसा. माझा मुलगा आत जेवतोय. झालं की येईल बाहेर."

"इये," त्यानं आईला हाक मारली. "इये, मी ओसा. बघ ना माझ्याकडे."

तिनं बघितलं, अगदी नीट बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, संशय नव्हता. दया होती.

"उन्हातून आलात. पाणी देते."

आतून इव्हिएचा आवाज आला, "अजून घे ना थोडं," आणि कुणीतरी तोंडात घास असताना हसलं. कुटलेल्या याम कंदाचा आणि काळ्या कालवणाचा वास दारापर्यंत आला होता. हे कालवण आई फक्त त्याच्यासाठी करायची. तो दाराकडे वळला, पण पाय उंबऱ्याशी उचलेनात. तो खुर्चीत बसला. खुर्ची दाराच्या बरोबर बाजूला, भिंतीला पाठ लावून ठेवलेली होती. तिथून आतलं सगळं ऐकू येई, दिसत काही नसे.

आईनं पाहुण्यांच्या पेल्यातून पाणी आणलं आणि शेजारच्या पाटावर टेकली. आवाज खाली घेऊन म्हणाली, "जरा जपून बसा, खुर्ची डगडगते. तुमच्याआधीचे साहेब होते ना, खाकीतले, हसरे, तेही इथंच बसायचे. वर्षानुवर्षं यायचे बिचारे. पोरगा जेवायला बसला की हे इथं. मी म्हणायची, आत चला, दोन घास घ्या. तर म्हणायचे, नको इये, त्याला आधी पोटभर जेवू द्या."

तिनं पुन्हा फळं निवडायला घेतली.

"हल्ली नाही येत ते," ती म्हणाली.