खोलीतला आकडा

"बाथरूममध्ये कोण आहे?" या प्रश्नानं त्या घरात दिवस उजाडायचा आणि त्याच प्रश्नानं मावळायचा. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, चार माणसं. नोवी साद शहरातल्या त्या जुन्या इमारतीच्या उंच तळमजल्यावर मार्चच्या मध्यापासून, कोरोनाची टाळेबंदी लागल्यापासून, कोणी कोणाच्या नजरेआड होऊ शकत नव्हतं. धाकटा वुकाशिन स्वयंपाकघराच्या टेबलावर कॉलेजचे तास ऐकायचा. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आई पीठ मळायची. शहरातलं यीस्ट संपलं होतं, त्यामुळे पाव फुगत नव्हता, आणि न फुगलेल्या पावाचा रागही कोणावर तरी निघायचाच.

तियाना सव्वीस वर्षांची, घरातली थोरली. रसायनशास्त्रात पदवी घेऊन ती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हवेचे नमुने तपासायची. प्रयोगशाळेला कुलूप लागलं तेव्हा तिनं दोन यंत्रं पिशवीत टाकून घरी आणली. काडेपेटीएवढी यंत्रं, हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारी. मोकळ्या हवेत आकडा चारशे पंधराच्या आसपास राहतो. बंद खोलीत एक माणूस नुसता बसला तरी तासाभरात तो हजाराच्या घरात जातो. हजार झाले की खिडकी उघडायची, एवढाच तिचा नियम होता.

कोंदट हवेत संसर्ग वाढतो, आणि नियम बाबांसाठी होता. रादोयको एकाहत्तर वर्षांचे. चाळीस वर्षं त्यांनी डॅन्यूब नदीवरच्या ओढबोटींच्या इंजिनघरात धूर गिळला होता. डॉक्टरांनी फोनवर आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, यांना हा आजार झाला तर हे उठणार नाहीत. पासष्टीपुढच्यांना घराबाहेर पाऊल टाकायला तशीही बंदीच होती. बाबांना सांभाळणं हे एकच काम तियानाला उरलं होतं, आणि ते ऐकणाऱ्यातले नव्हते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ते कचरा टाकायला म्हणून गेले आणि दोन तासांनी परतले. बुटांना नदीचा चिखल होता. त्यात दारातच शिंकले.

"चौदा दिवस," आई म्हणाली. "छोट्या खोलीत. दार बंद. ताट दाराशी मिळेल."

"मिलुंका, एक शिंक आहे गं ती."

"चौदा."

"आणि प्यायला राकिया?"

"हात धुवायला मिळेल."

आई मुलांच्या खोलीत झोपायला आली. दाराबाहेर स्टूल मांडलं गेलं. तियानानं एक यंत्र बाबांच्या कपाटावर ठेवलं. आकडा तिच्या लॅपटॉपवर दिसायचा.

"आता माझा श्वास मोजणार का, बेटा? विजेच्या मीटरसारखा?"

"खिडकी उघडायची आठवण करायला, बाबा."

"बिल किती येईल तेवढं आधी कळव म्हणजे झालं."

पहिले काही दिवस ते आतून गप्प बसले नाहीत. चमच्यानं खोली गरम ठेवणारा लोखंडी रेडिएटर बडवून मीठ मागायचे. टीव्हीवरच्या बातम्यांना दारामागून उत्तरं द्यायचे. वुकाशिनच्या प्राध्यापकाची नक्कल इतकी हुबेहूब करायचे की वुकाशिन घाईघाईनं आपला माइक बंद करायचा. "या माणसाला कोंडूनसुद्धा सुटका नाही," असं म्हणत आई भांडी आपटायची.

सोमवारी दुपारी तीन वाजता तियाना भांडी घासत होती. खिडकीतून तिला बाबा दिसले. टोपी डोळ्यांवर ओढलेली, एका हातात बादली, दुसऱ्या हातात गळ. पॉपलरच्या झाडांच्या रांगेतून ते बंधाऱ्याकडे चालले होते. म्हणजे खिडकीतून उतरले. खाली बिअरचा क्रेट ठेवला असणार. तिचं डोकं फिरलं. आईला हाक मारायला तिनं तोंड उघडलं, आणि तिची नजर टेबलावरच्या लॅपटॉपवर गेली.

नऊशे साठ.

रिकाम्या खोलीत आकडा उतरायला हवा. तो चढत होता. नऊशे चौसष्ट. नऊशे एकाहत्तर.

ती हात न पुसताच छोट्या खोलीच्या दाराशी गेली. कडी आतून होती. तिनं टकटक केली.

"बाबा?"

आत कोणीतरी खोकलं. आधी दोनदा, मग जरा थांबून एकदा. हा खोकला ती लहानपणापासून ओळखत होती.

संध्याकाळी रेडिएटर वाजला. तियाना दाराला कान लावून हळूच म्हणाली, "दुपारी कुठं होतात?"

"नदीची विचारपूस करून आलो. आईजवळ बोलू नकोस."

"आणि खोलीत कोण होतं?"

"माझे पायमोजे. त्यांचाही श्वास मोजलास की काय?"

तिनं बाबांकडून दाराच्या फटीतून यंत्र मागून घेतलं. रात्रभर ते बाल्कनीत ठेवलं. चारशे बारा, चारशे सतरा, चारशे चौदा. दुसऱ्या यंत्राशी ताडून पाहिलं. दोन्ही जुळत होती. यंत्रात दोष नव्हता. सकाळी तिनं ते परत आत दिलं.

पुढं तिनं जे केलं, ते आईला कळलं असतं तर आईनं तिलाही कोंडलं असतं. बुधवारी तिनं बाबांना स्वतःच बाहेर जाऊ दिलं. माणसाशिवाय त्या खोलीचा आकडा कसा वागतो ते तिला एकदा बघायचंच होतं. "एक तास. तोंडाला मास्क. कोणाशी बोलायचं नाही. खिडकी बाहेरून ओढून घ्या आणि झडप खाली करा." बाबा शाळा सुटल्यासारखे उतरले.

आकडा चारशे तीसपासून सुरू झाला. वीस मिनिटांत सहाशे पन्नास. अर्ध्या तासात सातशे पन्नास. एका माणसाला, नुसत्या बसलेल्या माणसाला, जेवढा वेळ लागावा तेवढाच.

ती इमारतीला वळसा घालून मागच्या गवतात गेली. खिडकीवरची लाकडी पट्ट्यांची झडप बाबांनी पूर्ण खाली केली नव्हती. तळाशी चार बोटांची फट होती. ती क्रेटवर चढली आणि वाकली.

झडप खाली आली. सावकाश. आतला पट्टा कोणीतरी हळूहळू सोडत असावं तशी. पट्टीवर पट्टी बसली आणि फट बुजली.

ती क्रेटवरून उतरली. झडप जुनी होती आणि पट्टा झिजलेला होता, आपल्या वजनानं ती सरकू शकते. घरात शिरेपर्यंत तिनं स्वतःला हे तीनदा सांगितलं.

बाबा परत आल्यावर ती दारामागून म्हणाली, "आता पुरे. शुक्रवारी संध्याकाळी पाचपासून मंगळवारी पहाटेपर्यंत सगळ्यांनाच संचारबंदी आहे. ईस्टरभर पाय बाहेर टाकायचा नाही. शब्द द्या."

"दिला."

शुक्रवारी आईची चिडचिड टोकाला गेली. बाजारात मासा नव्हता. "चौतीस वर्षांत पहिल्यांदा या घरात गुड फ्रायडेला बटाटे उकडतेय मी," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. दारामागून नेहमीचा टोमणा आला नाही.

लॅपटॉपवर चार वाजता आकडा एकदम घसरला. बाबांनी खिडकी उघडली, असं तियानानं टिपून ठेवलं. चार वीसला तो पुन्हा चढायला लागला. त्यांनी खिडकी लावली. तिला बरं वाटलं.

पावणेपाचला इंटरकॉम वाजला. आई पिठाच्या हातांनी धावली, दोन शब्द बोलली आणि रिसीव्हर आपटला.

"कोण होतं?"

"कोणीतरी प्यायलेला. या दिवसांत लोकांना कामधंदा नाही."

त्यानंतरचे तीन दिवस घर विलक्षण शांत गेले. रेडिएटर वाजला नाही. मीठ कोणी मागितलं नाही. ताटं स्टुलावर रिकामी परत येत होती, पावानं पुसल्यासारखी लख्ख.

"कांदासुद्धा खाल्ला," आई ताट उजेडात धरून म्हणाली. "जन्मात कांद्याला हात लावला नव्हता. आधीच कोंडायला हवं होतं मी याला."

रविवारी तिनं ताटात ईस्टरचं एक लाल रंगवलेलं अंडंही ठेवलं. ताट परत आलं, पण त्यात टरफल नव्हतं.

"बाबा आता टरफलासकट खातात," वुकाशिन म्हणाला आणि एकटाच हसला.

तियाना दिवसातून चारदा दाराशी जायची. आकडा बावीसशेवर होता. इतक्या कोंदट हवेत माणसाचं डोकं दुखायला लागतं. "बाबा, खिडकी उघडा."

"हं."

"बरं वाटतंय ना?"

"हं."

तिचं एकही वाक्य नुसत्या 'हं'वर सोडलं नव्हतं त्यांनी कधी. रागावले असतील, तिनं विचार केला. आपणच शब्द घेतला, आपणच कोंडलं. आकडा मात्र खाली येत नव्हता. दिवसरात्र सारखाच होता, गाढ झोपलेल्या माणसासारखा.

मंगळवारी सकाळी सात वाजता दाराची बेल वाजली.

आईनं साखळी न काढता दार चार बोटं उघडलं आणि तशीच उभी राहिली. तियाना तिच्या खांद्यावरून डोकावली.

बाहेर बाबा होते. दाढी वाढलेली, ओठ सुकलेले, हातात बादली. बादलीत दोन मासे होते, केव्हाच मेलेले.

"खिडकीला आतून कडी कोणी घातली?" ते म्हणाले. "शुक्रवारी अर्ध्या तासात परत आलो तर खिडकी बंद. इंटरकॉम वाजवला तर मिलुंका, तू म्हणालीस, रादोयको घरात आहे, आणि रिसीव्हर आपटलास. कोपऱ्यावर पोलिसांची गाडी. मी काय करणार? तीन दिवस होडीच्या खोपटात काढले. फोन खोलीत राहिला. तुम्हाला माझी आठवणसुद्धा झाली नाही?"

"रादोयको घरातच आहे," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "आत्ताच मी त्याचा चहा ठेवून आले."

"मिलुंका, साखळी काढ."

"तियाना, दार लाव. हा जो कोणी आहे तो आजार घेऊन येईल. तुझ्या बाबांची फुप्फुसं..."

"बेटा," बाहेरचा माणूस म्हणाला. "भूक लागलीय गं."

तियानानं आईचा हात बाजूला केला. दार ढकलून लावलं, साखळी काढली आणि पुन्हा उघडलं.

त्याच क्षणी छोट्या खोलीतून खोकला ऐकू आला. दोनदा, मग जरा थांबून एकदा.

बाबांनी तो ऐकला. त्यांच्या हातातली बादली कलली आणि पाणी उंबऱ्यावर सांडलं. ते आपल्या खोलीच्या दारापर्यंत गेले. हात उचलला, पण टकटक केली नाही. हात तसाच खाली आणला.

"माझ्या खोलीत कोण आहे, मिलुंका?"

आई मागं सरली. तिनं वुकाशिनला जवळ ओढलं आणि दोघं मोठ्या खोलीत गेले.

तियानानं बाबांना स्वयंपाकघरात नेलं. हाताला धरून नेलं. हात थंड होता, पण तीन दिवस खोपटात काढल्यावर कोणाचाही असेल. ते चोर्ब्याचे, म्हणजे दाट सुपाचे, दोन वाडगे प्यायले, तिसरा मागितला. मीठ कमी आहे म्हणाले. कांदा काढून कडेला ठेवला. ते बघून तिला रडू आलं.

आता फक्त दार फोडायचं आणि आत कोण आहे ते बघायचं, तिनं ठरवलं. पण दार फोडायला वुकाशिन लागणार, आणि वुकाशिन आईच्या पाठीआडून विचारत होता, "ताई, कशावरून बाहेरचाच खरा?"

"मी दाखवते," ती म्हणाली.

दाखवणं सोपं होतं. तिनं स्वयंपाकघराची खिडकी दहा मिनिटं सताड उघडी ठेवली. शेगडी बंद केली. दुसरं यंत्र टेबलावर, बाबांच्या समोर ठेवलं. चारशे सोळा. मग खिडकी लावली.

"बाबा, अर्धा तास इथंच बसा. मी बाहेर थांबते. दार उघडू नका."

"आता इथंही कोंडणार?"

"फक्त आईला दाखवायला. तुमचा श्वास."

"बिल तिच्या नावानं फाड," बाबा म्हणाले, आणि ती अगदी मोकळं हसली. तेच होते. यात शंकाच नव्हती.

स्वयंपाकघराच्या दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती. ती बाहेर लॅपटॉप मांडीवर घेऊन जमिनीवर बसली. पडद्यावर दोन रेषा होत्या. वरची छोट्या खोलीची, बावीसशे ऐंशीवर. खालची स्वयंपाकघराची.

दहा मिनिटं झाली. चारशे अठरा.

पंधरा. चारशे पंधरा.

खिडकी नीट लागली नसेल. ती उठून काचेतून बघून आली. लागली होती.

वीस. चारशे सतरा.

आई मोठ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "काय दाखवतंय?" तिनं विचारलं. तियानानं लॅपटॉप अर्धवट मिटला.

"अजून वेळ आहे."

पंचविसाव्या मिनिटाला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती उभी राहिली. बाबा टेबलापासून उठून दाराकडे येत होते. कंटाळलेले, वैतागलेले, नेहमीसारखेच. काचेपाशी आले, तिच्याकडे बघून भुवया उंचावल्या. नाक जवळजवळ काचेला टेकलं.

"अजून किती वेळ, बेटा?" ते मोठ्यानं म्हणाले. तोंड काचेपासून बोटभर अंतरावर होतं. "झालं का मोजून?"

"पाच मिनिटं, बाबा," ती म्हणाली.

तिच्या श्वासानं काचेच्या बाहेरच्या बाजूला नाण्याएवढा धुरकट गोल उमटला आणि विरला. आतल्या बाजूला बाबा बोलतच होते, एकामागून एक, कोणाला कोंडायचं आणि कोणाला नाही त्याबद्दल. तिचा हात दाराच्या मुठीवर होता. ती काचेकडे बघत राहिली.

काच आतून स्वच्छच होती.