काळ्या टोकाच्या पलीकडे

समुद्रावर राग न्यायचा नाही. राग किनाऱ्यावर, एखाद्या जड दगडाखाली ठेवावा आणि मगच कयाकच्या चिंचोळ्या होडीत बसावं. कारण रागाला वजन असतं आणि तो नेमका एकाच बाजूला बसतो. हे तत्त्वज्ञान सेवेरिन गेली अठ्ठावीस वर्षं बर्फाळ उत्तरेतल्या मनीत्सोक गावच्या कयाक मंडळात शिकवत आला होता. शिकवताना तो इतका ओरडायचा, की बंदरातले पक्षी उडून दुसऱ्या बंदरात जायचे. एकदा तर ‘शांत राहा’ हे नीट न ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला त्यानं ओला मोजा फेकून मारला होता. विद्यार्थी गावचा पाद्री होता.

दुसरा धडा ठोक्यांचा. कयाक उलटली, वल्हं हातातून सुटलं, तरी बाहेर पडायची घाई करायची नाही. डोकं खाली पाण्यात असताना दोन्ही हात वर काढायचे, तळव्यांनी कयाकच्या तळावर तीन ठोके द्यायचे आणि मग हात दोन्ही बाजूंना पुढेमागे फिरवत राहायचं. सोबती आपल्या कयाकचं पुढचं टोक तुमच्या हातात आणून देतो, ते धरून तुम्ही सुलटे होता.

“तीन ठोके ऐकले की वळायचं,” सेवेरिन दरडावायचा. “खरंच बुडतोय का, काल चेष्टा केली होती का, हे सगळं तो वर आल्यावर विचारायचं. आधी वळायचं.”

हे सांगताना त्याचा आवाज चिरकायचा. लोकांना वाटायचं, मेहुण्याची आठवण येते बिचाऱ्याला.

मेहुणा म्हणजे पाविया, सेवेरिनच्या थोरल्या बहिणीचा, युडिथेचा नवरा. एकोणतीस वर्षांपूर्वी जुलैतल्या एका बिनवाऱ्याच्या सकाळी दोघं सीलच्या शिकारीला गेले आणि सेवेरिन एकटा परत आला. “मी काळ्या टोकाच्या पलीकडे गेलो होतो,” त्यानं सांगितलं. “काही ऐकू आलं नाही.” पावियाची कयाक मिळाली, पालथी. पाविया मिळाला नाही.

सेवेरिन समुद्रात घुसलेल्या त्या खडकाच्या टोकाच्या अलीकडेच होता आणि ठोके त्यानं ऐकले होते. ही गोष्ट जगात दोघांनाच माहीत होती, आणि त्यांतला एक साक्ष द्यायच्या अवस्थेत नव्हता.

असं सगळं नीट चाललेलं असताना वयाच्या बासष्टाव्या वर्षी युडिथेनं कयाक मंडळात नाव घातलं. गुडघे दुखतात म्हणून जी बाई चर्चला गाडीतून जायची, ती दोन उन्हाळे बर्फाच्या पाण्यात उलटी लटकून नाकातोंडात पाणी घेत राहिली. यंदाच्या जुलैत ती वल्ह्यानं आणि वल्ह्याशिवाय, दोन्ही बाजूंनी उलटून सुलटी झाली. पाद्र्यानं टाळ्या वाजवल्या. डोक्यावरचं पाणी निपटत ती भावाला म्हणाली, “आता काळं टोक. आपण दोघंच.”

“तिथे काय आहे, आलेका?” थोरल्या बहिणीला द्यायचा हा मान सेवेरिन तिला फक्त भांडताना द्यायचा. “दगड आहेत नुसते.”

“दगड बघायचेत.”

“इथे कमी आहेत?”

“इथले पाठ झाले. आणि साठीच्या वरच्या माणसानं एकट्यानं जायचं नाही, हा नियम तूच लिहून भिंतीवर लावलायस. कुणाला नेऊ? पाद्र्याला?”

नाही म्हणायला कारण सापडेना, म्हणून सेवेरिन चिडला. आणि चिडला म्हणून हो म्हणाला. ती तिथे नेऊन आपल्याला काय विचारणार हे त्याला पक्कं माहीत होतं. एकोणतीस वर्षं सांगितलं तेच तो पुन्हा सांगणार होता. त्यापलीकडे त्याच्याकडे उरलं होतंच काय? गावातला मान, मंडळाची किल्ली आणि रविवारी बहिणीच्या घरचं जेवण. तिन्ही गोष्टी त्याच एका वाक्यावर उभ्या होत्या.

शनिवारी सकाळी त्यांनी सामान भरलं. जड वस्तू खाली आणि बसायच्या जागेलगत, पाण्याच्या पिशव्या पाठीमागे, हलका तंबू पुढच्या निमुळत्या भागात. दोन्ही बाजू सारख्या. सेवेरिनचे हात हे काम झोपेतही करू शकले असते. पण कयाक पाण्यात ढकलली, तर तिचं पुढचं टोक बोटभर खाली.

त्यानं तंबू मागे नेला. टोक खालीच. सगळं सामान खडकावर काढून नव्यानं भरलं. पुन्हा तेच.

“काय कोंबलंयस तू माझ्यात?”

“माझं सामान माझ्यात आहे,” युडिथे म्हणाली. “वय झालं तुझं. पोट पुढे गेलंय.”

“पोट टोकापर्यंत जात नाही.”

“तुझं जाईल.”

त्यानं तुइलिक डोक्यातून घातला, त्या कातडी अंगरख्याची खालची कड कयाकच्या तोंडाभोवती आवळली आणि दगडाखाली काहीही न ठेवता निघाला.

खाडीतून बाहेर पडेपर्यंत वारा होता. कयाक उजवीकडे ओढ घेत होती, आणि दर वीस हातांनी त्याला ती सावरावी लागत होती. वाटेतल्या बेटावर ते थांबले. युडिथेनं चूल पेटवली, सुकवलेले मासे काढले. तळ कुठे घासलाय की काय हे बघायला सेवेरिननं आपली कयाक रिकामी करून उन्हात पालथी घातली. तळ साफ होता.

कॉफी झाली. युडिथे ती काळी, कडू प्यायची. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरनं साखर बंद केल्यापासून ती साखरेकडे बघायचीसुद्धा नाही. सेवेरिननं खिशातली पत्र्याची डबी उघडली, एक खडा दातात धरला आणि त्यातून कॉफी ओढली.

“दात जातील.”

“हे विकतचे आहेत.”

तिनं तोंड फिरवलं. पूर्वी ती साखर नवऱ्याचीही मोजायची. पावियाच्या दाढा किडलेल्या, म्हणून घरात खडे मोजून ठेवलेले असत. आणि म्हणून पाविया समुद्रावर चेष्टा करायचा. मुद्दाम उलटायचा, तीन ठोके द्यायचा. सेवेरिन जिवाच्या आकांतानं वल्हवत टोक आणून द्यायचा. ते धरून पाविया वर यायचा, पाणी ओघळणारं तोंड पसरून हसायचा आणि नेहमी एकच गोष्ट मागायचा. वर ‘कुणाला सांगू नकोस’ अशी शपथ घालायचा. ही शपथ मात्र सेवेरिननं पाळली होती. ती चेष्टा सांगितली असती, तर पुढचंही सांगावं लागलं असतं. त्या शेवटच्या सकाळी पावियानं ती चेष्टा चार वेळा केली होती.

सेवेरिन उठला. अर्धा तास उन्हात पडलेला तळ कोरडाखट झाला होता. फक्त दोन जागा ओल्या होत्या. बसायच्या जागेच्या थोडं पुढे, एक या अंगाला, एक त्या अंगाला. दोन पंजे. डाव्याची करंगळी अर्धीच उमटली होती.

त्यानं बाहीनं पुसलं. ओल गेली. तो डबी खिशात टाकेपर्यंत परत आली.

पावियाच्या डाव्या करंगळीचं पेर तरुणपणीच भाल्याच्या दोरीत तुटलं होतं.

“हात दाखव,” तो बहिणीवर वसकन ओरडला.

युडिथेनं हातमोजे काढले आणि लहान मुलासारखे दोन्ही पंजे पुढे केले. दहा बोटं, सगळी पूर्ण, सगळी कोरडी.

“झालं समाधान? की पायाचीही मोजतोस?”

“ओल्या हातानं चाळे करायची ही जागा नाही, आलेका.”

“कसले चाळे?”

त्यानं कयाक सुलटी केली. तिला काही दाखवलं नाही.

बेट सोडलं आणि वारा पडला. पडला म्हणजे कुणी दार लावावं तसा थांबला. समुद्र काचेसारखा झाला. आकाश त्यात उतरलं आणि दोघांमधली रेघ पुसली गेली. असल्या पाण्याची जुन्या शिकाऱ्यांना वादळापेक्षा जास्त धास्ती. वर काय आणि खाली काय ते कळेनासं होतं, मांडीशी पाणी चढल्यासारखं वाटतं, कयाक लांबलांब होत जाते. अशा वेळी हलत राहायचं, वल्ह्यानं पाणी ढवळायचं, जवळच्या वस्तूवर नजर ठेवायची. हा पाचवा धडा.

सेवेरिननं नजर कयाकच्या पुढच्या टोकावर ठेवली. टोक आता चार बोटं खाली होतं.

काळं टोक समोर आलं. ते होतं तसंच होतं: काळं, आणि पक्ष्यांनी वरून चुना मारलेलं. युडिथे थांबली. वल्हं आडवं ठेवून तिनं आजूबाजूला बघितलं.

“त्याची कयाक इथे मिळाली ना?”

“इथेच कुठेतरी.”

“आणि तू टोकाच्या पलीकडे.”

“किती वेळा सांगू?”

“चारशे मीटर आहे. मी नकाशावर मोजलं.” तिचा आवाज थंड होता. “बिनवाऱ्याच्या दिवशी ठोका किलोमीटरभर जातो. खडकाला वळसा घालून जातो. हा तुझा चौथा धडा. मी वहीत लिहून घेतलाय.”

सेवेरिनचे कान तापले. म्हणजे दोन उन्हाळे ही बाई यासाठी उलटी लटकत होती. त्याच्याकडूनच शिकून त्यालाच पकडायला.

“आलेका, मी तुला सांगतो—”

ठक. ठक. ठक.

आवाज त्याच्या कयाकखालून आला. त्याच्या मांड्यांत तो शिरला.

“तू ठोकलंस?” युडिथेनं विचारलं.

“नाही.”

दोघांचीही वल्ही समोर आडवी होती. दोघांचेही हात वल्ह्यांवर होते.

ठक. ठक. ठक.

आता थोडं मागे, दोघांच्या मधे. तिथे नुसतं पाणी होतं. त्यावर सुरकुतीही नव्हती.

सेवेरिनच्या अंगात जे उसळलं ते भय नव्हतं. भय असतं तर बरं झालं असतं. तो जुनाच संताप होता, एकोणतीस वर्षांचा, एक दिवसही शिळा न झालेला.

“ऐकले होते,” तो पाण्यावर ओरडला. “तेव्हाही ऐकले होते. अलीकडेच होतो मी. चारदा मला धावायला लावलं त्यानं, आणि पाचव्यांदा मी पाठ फिरवली. चाळीस हात मारले मोजून. म्हटलं, बस आता लटकत. शिक हरामखोरा. आणि शिकला तो. नीट शिकला.”

आवाज खडकावर आपटून परत आला.

“चारदा कशाला?” युडिथेनं विचारलं.

ती शपथ सेवेरिननं आताही मोडली नाही. तेवढं एकच पावियाचं त्याच्यापाशी उरलं होतं.

“एकोणतीस वर्षं,” ती म्हणाली. “दर रविवारी माझ्या टेबलावर बसून जेवलास. दुसऱ्यांदा वाढून घेतलंस.” तिनं वल्हं इतकं घट्ट धरलं होतं की हातमोज्यांचं रबर करकरलं. “मी तुला मारलं असतं, सेवेरिन. हात पोचत नाही म्हणून.”

ठक. ठक. ठक.

हळू. दमल्यासारखे.

“वळ,” युडिथे म्हणाली.

“तिथे कुणी नाही.”

“तुझाच धडा आहे ना? आधी वळायचं.”

सेवेरिन वळला.

तीन हातांत तो तिथे पोचला. टोक त्यानं त्या रिकाम्या जागेत आणून धरलं, पालथ्या कयाकच्या बाजूला धरायचं असतं तसं, जोरात नाही, हलकेच. आणि थांबला.

टोक खाली गेलं.

वीतभर गेलं. त्या वजनाची ओळख त्याच्या कंबरेला होती. भिजलेला माणूस पहिल्यांदा एका हातानं धरतो, मग दोन्ही हातांनी, मग कंबरेच्या झटक्यानं सुलटा होतो.

मग वजन सुटलं.

टोक वर आलं. त्यावरून रिकाम्या पाण्यावर चार थेंब टपटपले. सकाळपासून पहिल्यांदाच त्याची कयाक सरळ, जशी बसायला हवी तशी बसली होती.

सेवेरिननं श्वास सोडला. राग अंगातून असा गेला, की त्याला थंडी वाजली. तो बहिणीकडे वळला. तिची क्षमा मागायची असं त्यानं खरोखर ठरवलं होतं.

युडिथेची कयाक चार बोटं खोल बसली होती.

ती खाली मान घालून बसली होती. अंगरख्याचं टोपडं ओलं होतं. त्यातून पाणी गळत होतं. ती तर उलटली नव्हती.

ती सावकाश वल्हवत शेजारी आली, दोन कयाकी एकमेकींना लागल्या. तिनं डावा हात पुढे केला, तळवा वर. हातमोज्याच्या करंगळीचं टोक रिकामं लोंबत होतं.

“सेवेरिन,” ती हसून म्हणाली, “साखरेचा खडा आहे का रे? युडिथेला सांगू नकोस.”