समोरच्या ओळीला पाणी

ही गोष्ट बाहेर कुणाला सांगायची नाही, असं काकांनी बजावलं होतं. परवा रात्री वीज गेली तेव्हा त्यांनी ती आम्हा मुलांना सांगितली. गोष्ट एका माळ्याची आहे. तो त्यांच्या चांगल्या ओळखीचा, नगरपालिकेतला.

आमच्या शाळेच्या रस्त्याला डावीकडे उंच झाडं आहेत. ती जुन्या माळ्याने लावली, रस्ता मातीचा होता तेव्हा. तो वारला. त्याच्या जागी हा आला आणि त्याने उजव्या बाजूला झाडं लावली. चार वर्षं जिवापाड जपली, पण रोपं काही अंग धरेनात. लोक गाड्या डावीकडच्या सावलीत लावत आणि वर यालाच ऐकवत, "म्हाताऱ्याच्या हाताला गुण होता बाबा."

एकदा भर उन्हात बायकोसुद्धा म्हणाली, "अहो, जरा पलीकडून चला की. तिकडे सावली आहे."

ते त्याला फार लागलं.

गेल्या उन्हाळ्यात, अमावस्येच्या रात्री, "नळ बंद करायचा राहिलाय" असं सांगून तो घरातून निघाला. पिशवीत कोयता होता. खोडाची साल गोल सोलली की झाड उभ्या उभ्या वाळतं, हे माळ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

डावीकडच्या पहिल्या झाडाची साल त्याने निम्मी सोलली असेल...

मागे पाणी ओतल्याचा आवाज आला.

त्याने वळून पाहिलं. रस्ता रिकामा.

पुन्हा आवाज. आता दुसऱ्या रोपापाशी. मग तिसऱ्या. कुणीतरी ओळीने, सावकाश, त्याच्या रोपांना पाणी घालत होतं.

"कोण आहे?" त्याने विचारलं.

आवाज पुढच्या रोपापाशी गेला.

"ती माझी आहेत," तो म्हणाला. "हात लावायचा नाही."

पाणी थांबलं. मग ओली पावलं रस्ता ओलांडू लागली. इकडे...

तो पळत सुटला.

सकाळी झाडाच्या जखमेवर मातीचा लेप होता. वर गोणपाट बांधलेलं.

पाऊस यायच्या आतच त्याची रोपं तरारली. लोक म्हणाले, "म्हाताऱ्याचीच पुण्याई." आता तो रोज रात्री झारी घेऊन तिथे जातो. आपल्या रोपांना आपणच आधी पाणी घालायचं म्हणून. माती आधीच भिजलेली असते.

आणि वर्ष झालं, तो लेप वाळलेला नाही. काल शाळेतून येताना, कुणी बघत नाही असं पाहून मी बोट लावलं. ओलं होतं. खोड वाढतं तशी गोणपाटाची गाठ सैल करावी लागते, आणि ती कुणीतरी नुकतीच सैल केली होती... हो आई, आले, एवढं सांगते आणि