एका दुपारीत म्हातारा झालेला चेलो

“चिमटे! अरे, चिमटे कुठे गेले?” वकील्या ओरडला.

“तुझ्याच शर्टाला लावलेत,” सुई म्हणाली. “वाळत घातल्यासारखा दिसतोयस!”

संग्रहालयाच्या बागेत संध्याकाळी मैफल होती. दोन व्हायोलिन, त्यांच्याहून जरा मोठा एक व्हायोला आणि मांडीशी धरून वाजवायचा भलामोठा चेलो, अशी चौघांची. बाग म्हटली की वारा आला, आणि वारा आला की वादकांच्या पुढ्यातले स्वरलिपीचे कागद उडून तळ्यात जायचे. म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे. ही जबाबदारी वकील्याने मोठ्या रुबाबात अंगावर घेतली होती. इतकी, की चिमटेही अंगावरच घेतले होते.

चेलो वाजवणारी बाई सुई आणि ढब्बू या भावंडांची मावशी. वकील्या त्यांचा मामेभाऊ, म्हणजे त्याची ती आत्या. त्यामुळे एकच बाई दिवसभर “मावशी!” आणि “आत्या!” अशा दोन हाकांना ओ देत होती, आणि संग्रहालयाचे संचालक सकाळपासून दोन निरनिराळ्या बायका शोधत होते.

सुई हे नाव तिला आजोबांनी दिलेलं. अंगाने बारीक, आणि प्रश्न विचारायला लागली की टोचल्याशिवाय राहायची नाही. ढब्बूचं नाव कोणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण त्याच्याकडे एकदा पाहिलं की कोणी विचारतही नसे.

सुट्टीत तिघं मावशीकडे आली होती ती मजा करायला. पण मजेत एक काळजी मिसळली होती. चौकडीचा जुना चेलोवाला परगावी निघून गेला होता. त्याच्या जागी आजच्यापुरतं मावशीला घेतलं होतं. पहिलं व्हायोलिन वाजवणारे दाढीवाले त्या चौकडीचे म्होरके. ते तालमीला तिला “पाहुण्या बाई” म्हणायचे. आज नीट वाजलं तर जागा कायमची. नाही वाजलं तर मावशी पुन्हा शाळेतल्या पोरांना सारेगम शिकवायला मोकळी. सकाळी मावशीने चहात मीठ घातलं, आणि वर तो पूर्ण प्यायला. सुईने ते पाहिलं होतं.

“अरे अरे अरे! ही खुर्ची इथे नाही!”

हे टापटीपकाका. संग्रहालयाच्या भांडारातले मदतनीस. मुलांनी मांडलेली प्रत्येक खुर्ची ते उचलून दुसरीकडे ठेवत होते.

“पण काका, रांग तर सरळ आहे!” वकील्या म्हणाला.

“रांग सरळ आहे, पण डोकं वाकडं आहे! जुन्या खुर्चीच्या शेजारी नवी? जुन्यात जुनी, नव्यात नवी. जगात प्रत्येक वस्तूला आपली जोड असते, बाळा.”

“मग आमच्या बाबांच्या मोज्यांना का नसते?” ढब्बूने विचारलं.

काकांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू त्या घरी एकदा जाऊन यायलाच हवं.

तेवढ्यात मावशी चेलोची पेटी घेऊन आली. दुपारी बागेत ऊन फार होतं, आणि उन्हाने चेलोचं लाकूड तापतं, तारा उतरतात. म्हणून संचालकांनीच सुचवलं होतं की पेटी भांडाराच्या थंड खोलीत ठेवा. जेवण झाल्यावर मावशीने स्वतःच्या हाताने ती तिथून आणली होती. तीच ती पेटी. कोपरे झिजलेले, कडी दोरीने बांधलेली, वर तिचं नाव. झाडाखाली बसून तिने झाकण उघडलं.

आणि ती तशीच बसून राहिली.

“मावशी?” सुई जवळ गेली.

झाकणात मावशीचा गज होता. कप्प्यात मावशीचं पिवळं फडकं होतं. पण मधे जो चेलो निजला होता, तो कोणाच्या पणजोबांचा असावा! रंग उडालेला, पोटावर लांब चीर, आणि तार म्हणाल तर औषधालाही नाही.

“गज माझा,” मावशी हळूच म्हणाली. “फडकं माझं. पेटी माझी. मग हा कोण?”

“एका जेवणात एवढा म्हातारा झाला?” ढब्बूने डोळे विस्फारले. “काय जेवलीस तू?”

कोणी हसलं नाही.

मग जो गोंधळ उडाला त्याला तोड नाही. दाढीवाले म्हणाले, चोरी आहे. संचालक म्हणाले, आमच्या संग्रहालयातून आजवर टाचणीसुद्धा गेलेली नाही. दाढीवाले म्हणाले, टाचणीचं सोडा, मी टाचणी वाजवत नाही. दुसरं व्हायोलिन वाजवणारी बाई म्हणाली, खरा चोर असता तर पेटीसकट नेता. उलट एक चेलो ठेवून का जाईल? तो चोर आहे की दाता? व्हायोलावाल्या बाई म्हणाल्या, मला चक्कर येतेय. संचालकांना पोलिसांना फोन करायचा होता, पण प्रमुख पाहुण्यांची गाडी फाटकाशी आल्याचं कोणी सांगितलं आणि ते फोन कानाला तसाच धरून फाटकाकडे पळाले.

दाढीवाल्यांनी आपला फोन काढला. “माझ्या ओळखीचे एक चेलोवादक आहेत. चेलो घेऊन ताबडतोब येतील.” मग थोडं अडखळून मावशीला म्हणाले, “पाहुण्या बाई, वाईट वाटून घेऊ नका. मैफल थांबवता येत नाही.”

“बरोबर आहे तुमचं,” मावशी म्हणाली आणि दुसऱ्याच कोणाच्या तरी चेलोवर पिवळं फडकं फिरवू लागली. तिच्या हाताला आणखी काही काम नव्हतं.

“आत्ता! आत्ताच काहीतरी करायला हवं!” सुई वकील्याला आणि ढब्बूला बाजूला ओढत म्हणाली.

“माझा युक्तिवाद असा,” वकील्या सुरू झाला, “की चोर आतलाच असणार. किंवा बाहेरचा.”

“वा! म्हणजे जग सोडून कोणीही!”

“मग तूच सांग!”

सुईच्या डोक्यात नुसतं पीठ झालं होतं. पेटी गेली नाही, चेलो गेला. चेलो गेला, तरी चेलो आहे. चोराने गज ठेवला, फडकं ठेवलं, वर म्हातारा ठेवला. असं कोण करेल? का करेल? चोर वेडा असेल, नाहीतर आपण.

समोर टापटीपकाका ढब्बूने हलवलेली एक जुनी खुर्ची उचलून पुन्हा जुन्यांत ठेवत होते. ठेवली, दोन पावलं मागे सरले, मान तिरकी केली आणि समाधानाने हसले.

सुई बघतच राहिली.

“काका! आज थंड खोलीत तुम्ही काही आवरलंत का?”

“आवरलंत का? अगं, आवरल्याशिवाय आमच्या भांडारबाई खोलीला कुलूप लावू देत नाहीत!” काका खुलले. “गेल्या वर्षी कोणीतरी दिलेल्या कपाटातून कीड आली आणि अर्धं दालन पोखरलं. तेव्हापासून त्या खोलीत येईल ती पेटी उघडायची, आतली वस्तू टेबलावर काढायची, अस्तर झटकायचं आणि पुन्हा भरायची. आज तिथे दोन मोठ्या पेट्या होत्या.”

“दोन?”

“एक या मैफलवाल्यांची. दुसरी एका निवृत्त मुख्याध्यापकांनी संग्रहालयाला भेट दिलेली. आणि काय सांगू तुला या लोकांचा गबाळेपणा! एक पेटी झिजकी आणि आत वाद्य चकचकीत! दुसरी पेटी कोरी करकरीत आणि आत हे असं मोडकं! मी दोन्ही साफ केल्या आणि नीट लावून टाकल्या.”

“नीट म्हणजे?” सुईचा आवाज बारीक झाला.

“नीट म्हणजे नीट! जुन्या पेटीत जुनं, नव्या पेटीत नवं!”

“जोड्या लावा!” वकील्या किंचाळला. “यांनी जोड्या लावल्या!”

“पण काका, त्या म्हाताऱ्या चेलोला तर ताराच नाहीत! वाजणार कसा?” सुईने विचारलं.

“मला वाटलं, तारा ऐन वेळी लावत असतील,” काका म्हणाले. “माणसं नाही का, चांगले कपडे समारंभाच्या वेळीच घालत?” बोलता बोलता त्यांनी झाडाखाली बसलेल्या मावशीकडे पाहिलं, आणि त्यांचं हसू हळूहळू ओघळलं. “अरे देवा. मी काही चुकीचं केलं का?”

“ती नवी पेटी कुठे आहे, काका?”

“ती... ती बाईंनी प्लास्टिकात गुंडाळलीही असेल. भेट आलेली लाकडाची वस्तू तीन आठवडे गोठवण कपाटात ठेवतात. म्हणजे आतली कीड मरते.”

“आणि चेलो?” ढब्बूने विचारलं.

काका पळू लागले होते. त्यांच्या मागे तिघं पळाली, आणि वाटेत एका नव्या खुर्चीला धक्का लागून ती जुन्यांत गेली, तरी काका थांबले नाहीत!

तळघराच्या लांबलचक बोळात भांडारबाई एक ढकलगाडी ढकलत चालल्या होत्या. गाडीवर प्लास्टिकात घट्ट गुंडाळलेलं, चिकटपट्ट्या मारलेलं लांबोळकं गाठोडं. बोळाच्या टोकाला पोलादी कपाटाचं दार आ वासून होतं, आणि त्यातून पांढरी वाफ बाहेर येत होती.

“थांबा! बाई, थांबा!”

“पळू नका! हे संग्रहालय आहे!” बाई म्हणाल्या.

“बाई, त्यात आमच्या मावशीचा चेलो आहे!”

“यात मुख्याध्यापकांचा चेलो आहे. काल मी स्वतः पाहिला. तारा नाहीत, पोटाला चीर.”

“बाई, मी आज...” काकांनी तोंड उघडलं.

“तुम्ही गप्प बसा. खुर्च्या झाल्या का?” काकांनी तोंड मिटलं. बाईंसमोर ते नेहमीच मिटत असावं.

“उघडून बघा ना!” सुई काकुळतीला आली.

“गुंडाळलेलं उघडायला साहेबांची परवानगी लागते. साहेब फाटकाशी पाहुण्यांबरोबर आहेत. समारंभ झाला की विचारते.”

“तोवर तो गोठेल!”

“कोरड्या लाकडाला काही होत नाही. हां, ताणलेल्या तारांचं वाद्य असतं तर गोष्ट वेगळी. ते मी कपाटाजवळही नेलं नसतं. उकलून हातात येतं.” आणि बाईंनी गाडीला हात घातला.

ताणलेल्या तारा! सुईला एकदम मावशीचं घर आठवलं. ढब्बूने रडायला सूर लावला की कोपऱ्यातला चेलो कोणी हात न लावता हुंकार भरतो, आणि मावशी म्हणते, ‘बघ, त्यालाही तुझी दया आली!’

“बाई, न उघडता कळलं तर? आत तारा आहेत की नाहीत हे न उघडता दाखवलं तर?”

“ते कसं?”

“ढब्बू! ओरड!”

“काय ओरडू?” ढब्बू गोंधळला. जन्मात पहिल्यांदाच त्याला कोणी हे काम सांगत होतं.

“काहीही! गाठोड्याला तोंड लाव आणि ओरड! बाई, तुम्ही कान लावा!”

“इथे पाटी आहे, शांतता राखा!” बाई कडाडल्या.

“पाटी दालनासाठी आहे,” वकील्या तात्काळ म्हणाला. “हा बोळ आहे. बोळाला पाटी लागू होत नाही!”

ढब्बूने छाती भरून घेतली आणि “आऽऽऽऽऽ!” असा काही भोंगा काढला, की वरच्या मजल्यावरचे प्रेक्षक मूर्तींकडे संशयाने पाहू लागले असतील. आणखी थोडं खाली, आणखी थोडं वर, आवाज जाईल तिथे त्याने नेला. सुईने हात वर केला. ढब्बू गप्प झाला.

बोळ शांत. कपाटाची घरघर तेवढी. बाईंनी कान गाठोड्यावर ठेवला होता, निव्वळ या पोरांची खोड मोडायला. पण त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली.

“हे... हे काय बोलतंय?” त्या कुजबुजल्या.

सुईने दुसऱ्या बाजूने कान लावला. अगदी आत, मधमाशी घोंगडीत अडकावी तसं, काहीतरी गुणगुणत होतं.

“कपाट बंद करा!” बाई ओरडल्या. “आणि कात्री! काका, कात्री आणा!”

“साहेबांची परवानगी?” काकांनी चाचरत विचारलं.

“साहेब आले की त्यांना सांगते, मी विचारायला विसरले!”

हा सगळा आरडाओरडा ऐकून संचालक प्रमुख पाहुण्यांना घेऊनच खाली धावत आले, तेव्हा कोऱ्या करकरीत पेटीचं झाकण उघडलेलं होतं आणि आत मावशीचा चेलो दिव्याच्या उजेडात चमकत होता. त्यांनी एकदा चेलोकडे, एकदा कात्रीकडे, एकदा ढब्बूकडे पाहिलं. “मला कोणी सांगेल का, की इथे काय चाललंय?”

सगळी एकदम सांगू लागली, त्यामुळे त्यांना कळलं नाही ते नाहीच.

बागेत मावशीने चेलो मांडीशी घेतला आणि तारांवरून बोट फिरवलं. तिला विचारलं तर ती म्हणेल, मी रडले नाही. मग तिने एकेक तार सुरात लावली. पहिली रचना सुरू होते न होते तोच दाढीवाल्यांनी बोलावलेले चेलोवादक घामाघूम होऊन पेटीसकट फाटकातून आत आले. “मी कुठे बसू?” त्यांनी विचारलं. संचालकांनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, जुन्यांत जाऊन पडलेल्या त्या नव्या खुर्चीवर. बिचारे शेवटपर्यंत विचारत होते, की मला बोलावलं कशाला?

सुई ऐकत होती. संगीतातलं तिला फारसं कळत नव्हतं. आधी चौघं भांडत असल्यासारखी वाटली, मग एकमेकांची समजूत काढत असल्यासारखी, आणि मग एका जागी बाकीची तिन्ही वाद्यं थांबली आणि मावशीचा चेलो एकटाच बोलू लागला. दाढीवाले गज खाली धरून, मान कलती करून ऐकत होते.

टाळ्या संपल्यावर संचालकांनी भाषण केलं. मुलांच्या निरीक्षणशक्तीचं, धैर्याचं आणि प्रसंगावधानाचं त्यांनी तोंड भरून कौतुक केलं. नक्की काय झालं होतं ते मात्र खुबीने टाळलं, कारण ते त्यांना अजून कळलं नव्हतं. भांडारबाईंनी सगळ्यांसमोर ढब्बूच्या पाठीवर थाप दिली. “आज या संग्रहालयात आवाज केल्याबद्दल मी पहिल्यांदाच कोणाचे आभार मानतेय.” टापटीपकाका मावशीसमोर मान खाली घालून उभे राहिले. ती म्हणाली, “काका, तुम्ही अस्तर इतकं स्वच्छ केलंत, की मला माझीच पेटी ओळखू येईना. बसा बघू. सरबत घ्या.”

मग दाढीवाले आले. कौतुक नाही, हसू नाही, काही नाही.

“तिसऱ्या भागात तुम्ही घाई केलीत,” ते मावशीला म्हणाले. “मंगळवारी तालमीला तो आधी घेऊ. उशीर केलेला मला चालत नाही. आणि घरून येताना चिमटे आणा, आपल्याकडे कमी पडतात.” आणि ते तरातरा निघून गेले.

सुईचा चेहरा पडला. “मावशी, ते रागावले का गं?”

मावशी हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. “अगं वेडे, मंगळवारी म्हणाले ना! आजच्या पाहुणीला कोणी मंगळवारी बोलावतं का?”

“मग रडतेस कशाला?” ढब्बू अगदीच चक्रावला. “आधी चेलो गेला तेव्हा रडली नाहीस, आणि आता...”

“माझा युक्तिवाद असा...” वकील्याने सुरुवात केली.

“तू गप्प बस!” सुई म्हणाली आणि मावशीच्या गळ्यात पडली. तिलाही नीट कळलं नव्हतं. पण काही गोष्टींचा कळण्याआधीच आनंद होतो, आणि तो तिने झटकन करून घेतला.